माटवी कुठं टांगायची?

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. मिस्टरांचं मूळ घर देवगड तालुक्यात, अगदी समुद्राला लागून. अंगणातून पुळणीवर जायला शंभर-सव्वाशे पावलं. आजेसासऱ्यांनी १९५८ साली बांधलेलं जांभ्या चिऱ्याचं घर, वर मंगलोरी कौलं. पुढे पडवी, मध्ये माजघर, दोन बाजूंना दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणी आणि पडका गोठा. संडास पार अंगणाच्या टोकाला. आजवर गणपतीला आणि मे महिन्यात जात होतो. पुढच्या वर्षी मिस्टर रिटायर होतील, मग वर्षातले सहा महिने तिथंच राहायचं म्हणतोय.

मुलगा पुण्यात आयटीत आहे. त्यानं ओळखीच्या कुणाकडून कॉम्प्युटरवर चित्रं करून आणलीत. समुद्राकडे पूर्ण काचेची भिंत, सपाट स्लॅब, वर गच्ची, आत माजघर आणि स्वयंपाकघर एकत्र करून मोठा हॉल. दिसायला लई भारी आहे, खोटं कशाला बोलू? इथले आमचे कॉन्ट्रॅक्टर जागा बघून आले आणि म्हणाले, ‘वहिनी, पाडा हे. जुन्यावर घालाल ते पैसे पाण्यात. पिलर उभे करतो, आठ महिन्यांत चावी हातात देतो.’ आमच्याकडे तीस-पस्तीस लाख आहेत. सासूबाई ८४ वर्षांच्या. त्या एवढंच म्हणतात, ‘माजघराला हात लावायचा नाही.’ का, ते सांगत नाहीत. मुलगा म्हणतो आजीला कळत नाही. मला दोघांचंही पटतं आणि मधल्यामध्ये कुचंबणा माझी. दिवाळीनंतर काम काढायचं ठरतंय. पाडू की ठेवू?

— एक सूनबाई, राजारामपुरी

उत्तर : ताई, पाडू नका.

इतक्या झटकन सांगतोय याचं पहिलं कारण चिऱ्याचं नाही, कागदाचं आहे. तुमचं घर भरतीच्या रेषेपासून शंभर मीटरच्या आत-बाहेर असावं. किनाऱ्यालगतच्या बांधकामाला सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम लागतात. ते पहिल्यांदा १९९१ साली आले, मग २०११ ला बदलले, पुन्हा २०१९ ला. गावाकडच्या किनाऱ्यावर उच्चतम भरती रेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी, हे त्याचं ढोबळ सूत्र. २०१९ च्या अधिसूचनेत हा पट्टा दाट वस्तीच्या गावांसाठी ५० मीटरवर आणला, पण दाट म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त माणसं. आख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची घनता त्या जनगणनेत १६३ होती. तेव्हा तुमच्या गावाला ५० मीटरची सवलत लागेल, ही आशा सोडलेली बरी.

याच नियमांत एक दार उघडं ठेवलंय. बंदीच्या पट्ट्यात आधीपासून असलेलं अधिकृत घर दुरुस्त करता येतं, पुन्हा बांधताही येतं, पण जुनं जोतं आणि जुनं बांधीव क्षेत्र ओलांडायचं नाही. म्हणजे समुद्रापासून सव्वाशे पावलांवर घर असण्याचा तुमचा हक्क कुठून आला? तर तिथं १९५८ पासून एक घर उभं आहे, त्यातून. उभं घर हाच तुमचा परवाना. तो आधी जेसीबीनं मोडायचा आणि मग साहेबाला सांगायचं की इथं एवढं-एवढं घर होतं बरं का, हा उलटा धंदा झाला. कॉन्ट्रॅक्टरच्या आठ महिन्यांच्या हिशेबात हा भाग धरलेला नसणार.

म्हणून कुदळ उचलायच्या आधी कागद. ग्रामपंचायतीतून असेसमेंटचा उतारा काढा, नमुना ८, आणि जितकी जुनी नोंद मिळेल तितकी जुनी काढा. सातबारा, जुनी वीजबिलं, तारीख असलेले गणपतीतले फोटोसुद्धा उपयोगी पडतात. एखाद्या सर्व्हेयरकडून जोत्याचं माप घेऊन नकाशा करून घ्या आणि त्यात गोठा, न्हाणी, पडवी सगळं दाखवा. गोठा पडका आहे म्हणून वगळू नका, त्याचं काम पुढे येणार आहे. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे सीआरझेडची परवानगी नव्हे, हेही डोक्यात ठेवा. गावात तुम्हाला चार जण सांगतील की ‘काय होत नाही, बांधा.’ नोटीस त्या चौघांच्या नावावर येत नाही. तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्या.

आणि सातबारा काढाल तेव्हा त्यावर किती नावं आहेत तेही बघा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण आजेसासऱ्यांचं घर म्हटलं की मुंबईला एखादे चुलत दीर असतातच. सामाईक घरात पस्तीस लाख घालण्याआधी त्यांची लेखी संमती हवी. तोंडावर ‘करा की, तुमचंच घर’ म्हणणारे चाकरमानी घर झाल्यावर मे महिन्यात चार कुटुंबं घेऊन येतात आणि मग हिश्शाची आठवण निघते. यावर यापेक्षा जास्त लिहीत नाही, आपापल्या घरातलं आपल्याला ठाऊक.

आता स्लॅबबद्दल. इथं माझाच एक कान पकडून सांगतो.

२००७ साली मालवणजवळ माझ्या मावशीच्या पडवीवर मी हौसेनं स्लॅब टाकून दिला. नवा इंजिनियर, अंगात रग. कोल्हापुरात जसं करत होतो तसंच तिकडं केलं. वाळू खाडीची, होडीवाला म्हणाला धुतलेली आहे, मी मान डोलावली. सळईखाली अंतर राखणाऱ्या कव्हर ब्लॉकऐवजी गवंड्यानं खडीचे तुकडे सरकवले, तेही चालवून घेतलं. पाच-सहा वर्षं झकास गेली. मग छताच्या आतल्या बाजूनं एक तपकिरी रेघ दिसायला लागली, पट्टी लावून मारल्यासारखी सरळ. पुढच्या पावसाळ्यात तिच्या शेजारी दुसरी. बोटाच्या पेरानं ठोकलं तर डबा वाजावा तसा पोकळ आवाज. नवव्या वर्षी, श्रावणात रात्री, जेवायच्या पाटाएवढा पोपडा सुटला तो थेट झोपाळ्यावर. झोपाळा रिकामा होता म्हणून आज हे लिहितोय. मावशी एवढंच म्हणाली, ‘तुझ्या स्लॅबाक गंज इलो रे बाबा, माज्या कौलांक कधी इलो नाय.’

झालं काय होतं, ते समजून घ्या. काँक्रीटमधली सळई गंजत नाही, कारण सिमेंटमुळे तिच्याभोवती एक राखण असते. मिठातलं क्लोराइड ती राखण मोडतं. ते वाळूतून आत येतं, पाण्यातून येतं, आणि किनाऱ्यावर तर वाऱ्यातून वर्षाचे बारा महिने येत राहतं. एकदा गंज धरला की तो मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा मागतो. काँक्रीटच्या पोटात तेवढी जागा नसते, मग ते फुटतं. आपल्या आयएस ४५६ या मानकात किनाऱ्याची हवा ‘तीव्र’ गटात धरलेली आहे. तिथं निदान एम ३० ताकदीचं काँक्रीट, पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५ च्या वर नाही आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतं. कोल्हापुरात आपण स्लॅबला जेमतेम पाऊण-एक इंच कव्हर देतो आणि ते इथं खपून जातं. तुमचे कॉन्ट्रॅक्टर वाईट आहेत असं मुळीच म्हणत नाही. त्यांची नजर करवीरच्या हवेत तयार झालेली आहे, एवढंच. त्यांना सहज विचारून बघा, ‘देवगडला कव्हर किती धरणार?’ उत्तराला वेळ लागला तर समजा.

शिवाय सिंधुदुर्गात एक चक्कर मारा आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली स्लॅबची घरं बघा. निम्म्यांच्या डोक्यावर पत्र्याची शेड दिसेल. आधी गच्ची हवी म्हणून स्लॅब, मग तो गळतो आणि तापतो म्हणून त्यावर पत्रा. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो तिथं सपाट छप्पर म्हणजे परातीत पाणी धरून बसणं. उतरतं छप्पर त्या मुलखाला कुणी शोभेसाठी दिलेलं नाही.

मग कौलं ठेवा, पण जशी आहेत तशी नाही. सगळी कौलं उतरवून, धुऊन, टिचकी मारून बघा. खणखणीत वाजलं ते ठेवायचं, बद्द वाजलं ते बाजूला. खाली वासे, रिपा आणि आढं उघडं पडेल तेव्हा वाळवी आणि भुंगा कुठं लागलाय ते कळेल. हे काम गावातल्या सुताराचं, इथून नेलेल्या फॅब्रिकेटरचं नाही. तो वाशात पटाशीचं टोक खुपसून सांगेल की हा अजून तुमच्या नातवापर्यंत जाईल आणि हा पुढच्या पावसात बसेल. रिपा बहुतेक सगळ्या बदलाव्या लागतील, वासे थोडे, आढं आणि तुळया क्वचित. कौलांच्या खाली एक जलरोधक पण श्वास घेणारा थर घालून आतून फळ्यांचं छत करून घेतलंत, की कौलातून उडणारी धूळ, उंदीर आणि पावसातला तुषार, तिन्ही थांबतात. मुलाला हवा तो आधुनिक देखावा इथंच निम्मा मिळतो. आणि मध्ये आठ-दहा काचेची कौलं बसवा. जुन्या माजघरात दिवसा बारा वाजता दिवा लावावा लागतो ही खरी तक्रार आहे, तिचं सगळ्यात स्वस्त उत्तर हेच.

वाऱ्याचं मात्र मनावर घ्या. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ देवगड-मालवणच्या समोरून समुद्रातूनच वर सरकलं, तिथं जमिनीवर आलंसुद्धा नाही, तरी त्या पट्ट्यात किती छपरं उडाली ते तुम्ही पाहिलं असेल. छप्पर खाली दाबल्यानं जात नाही, उचलल्यानं जातं. म्हणून वासे भिंतीवरच्या लाकडी पाटाला आणि तो पाट चिऱ्याच्या भिंतीला पट्ट्यांनी जखडून घ्या. कडेच्या दोन-तीन ओळींची कौलं तांब्याच्या तारेनं किंवा स्टेनलेसच्या स्क्रूनं बांधा.

स्टेनलेस म्हणजे ३१६ नंबरचं. बाजारात सर्रास मिळतं ते ३०४, त्यावर समुद्राकाठी वर्षा-दोन वर्षांत चहा सांडल्यासारखे डाग पडतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला टिकतं. महाग आहे, पण स्क्रू, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे एवढ्यापुरतंच घ्यायचंय. नाहीतर सरळ पितळ. लोखंडी काही करायचंच झालं, जिना म्हणा किंवा फाटक, तर उद्यमनगरात सगळं वेल्डिंग आधी पुरं करून घ्या आणि मग गॅल्व्हनायझिंगच्या हौदात बुडवायला पाठवा. आपले लोक गॅल्व्हनाइज्ड पाइप आणतात आणि जागेवर कापून वेल्डिंग करतात. जिथं वेल्डिंग झालं तिथला जस्ताचा थर जळाला, गंज बरोबर तिथूनच सुरू.

आता चिऱ्याच्या भिंती. कॉन्ट्रॅक्टरना त्या ‘मातीत बांधलेल्या’ दिसल्या असतील आणि म्हणून पाडा म्हणाले असतील. चिरा खाणीतून निघताना मऊ असतो, तासता येतो, आणि हवेवर वर्षानुवर्षं घट्ट होत जातो. तुमच्या भिंती साठीच्या पुढं गेल्यात, म्हणजे ऐन घट्ट वयात आहेत. त्यांचा शत्रू बहुतेक वेळा आतला माणूसच असतो. माझा अंदाज सांगतो, चूक असेल तर कळवा. स्वयंपाकघराच्या आणि माजघराच्या भिंतींना मागे कधीतरी कंबरेपर्यंत सिमेंटचा गिलावा केलाय, आणि आता त्या गिलाव्याच्या वर, छातीच्या उंचीला, पांढरा लोणा फुटतोय. बरोबर?

जमिनीतली ओल मीठ घेऊन भिंतीतून वर चढते. पूर्वी भिंतीला चुना होता, तिथल्या तिथं वाळून जायची. मीठ चुन्यात फुलायचं, दरवर्षी चार पोपडे पडायचे, गणपतीआधी नवा हात मारला की झालं. चुना स्वतः झिजून चिरा वाचवत होता. मग कुणीतरी ‘एकदाच काय तो पक्का’ म्हणून सिमेंट लावलं. आता ओलीला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ती सिमेंटच्या मागून आणखी वर चढते आणि जिथं सिमेंट संपतं तिथं बाहेर येते. उपाय साधा पण धीराचा आहे. ते सिमेंट छिन्नीनं हळू काढा, भिंत एक आख्खा उन्हाळा उघडी वाळू द्या, मग चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, चुन्यानं भरा आणि चुन्याचाच गिलावा करा. बाहेरच्या बाजूनं तर गिलावाही नको, दर्जा भरलेला उघडा चिरा ठेवा. शहरातले लोक हल्ली तसा दिसावा म्हणून पैसे मोजून नकली टाइल लावतात.

काचेची भिंत. मुलाचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. समुद्र एवढा जवळ असून घरात बसल्यावर तो दिसू नये, ही जुन्या घरांची खोड आहेच. पण त्या पिढीला समुद्र ही बघण्याची चीज नव्हती, तो दिवसभर बघून झालेला असायचा. घरात आल्यावर त्याच्यापासून आडोसा हवा असायचा. तुमचा समुद्र पश्चिमेला. दुपारी दोन ते सहा ऊन सरळ काचेवर, आणि जूनपासून झड आडवी. उघडी काचेची भिंत म्हणजे चार महिने पडदे लावून बसायची सोय. त्याऐवजी पडवी आहे तशी राहू दे आणि काच तिच्या मागे, माजघराच्या भिंतीत घाला. सात-आठ फूट खोल पडवीच्या सावलीत काच बसली की ऊन अडतं, झड अडते आणि समुद्र दिसतो. पावसाळ्यापुरते पडवीला विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधायचे, सासूबाईंना विचारा कसे बांधतात ते.

ही भिंत छपराचा भार घेते, म्हणून दारं रुंद करताना वर भक्कम लिंटेल आणि काम चालू असेतोवर खाली टेकू हवेत. कोपऱ्यांजवळची दोन-अडीच फूट भिंत अजिबात छेडायची नाही. हे मात्र स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवून करा, अंदाजपंचे नको. खिडक्या-दारं सरकती घेऊ नका. स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये पुळणीची रेती आणि मीठ बसतं, दोन वर्षांत चाकं आवळतात आणि पावसाचं पाणी त्याच ट्रॅकवरून आत येतं. बाहेर उघडणारी, रबर लावलेली, यूपीव्हीसीची किंवा जाड पावडर कोटिंगच्या अॅल्युमिनियमची घ्या. जुनी सागाची दारं मात्र मोडीत काढू नका, तसा साग आता मिळत नाही.

संडास-बाथरूम घरात हवंच. सहा महिने राहायचंय आणि सोबत ८४ वर्षांच्या सासूबाई, रात्री पावसात अंगण ओलांडून जायचं हे कसं चालेल? इथं तो पडका गोठा कामाला येतो. जोतं वाढवता येणार नाही, पण गोठ्याचं जोतं कागदावर असेल तर तीच जागा दोन बाथरूम आणि धुणी-भांड्यांसाठी वापरायला मागता येते. न्हाणी त्याला लागूनच आहे, म्हणजे नळ आणि सांडपाणी एकाच बाजूला राहतील. शोषखड्डा विहिरीपासून साठ फूट तरी लांब.

विहिरीचं आलंच आहे तर सांगून टाकतो, कारण हे कुणी सांगत नाही. किनाऱ्यावर विहिरीचं गोडं पाणी खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असावी तसं. गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली की खालचं खारं पाणी साधारण चाळीस फूट वर सरकू पाहतं. रहाटानं पाणी काढत होता तोवर हा हिशेब सांभाळला जात होता. आता मोठा सबमर्सिबल बसवून एका दमात टाकी भरायला लागलात, की चार-पाच वर्षांत चहा खारट लागायला लागेल, आणि एकदा खारावलेली विहीर लवकर गोडी होत नाही. छोटा पंप लावा, दोन-तीन वेळा थोडं-थोडं उपसा. छपराचं पाणी पन्हळीनं गोळा करून टाकीत घ्या, उरलेलं विहिरीजवळ मुरवा.

वायरिंग संपूर्ण नवं करा, यात चर्चा नको. एसी एकाच खोलीत, त्याचं बाहेरचं युनिट पूर्वेकडे, आणि ते महिन्यातून एकदा गोड्या पाण्यानं धुवायचं.

पैशाचं म्हणाल तर तीस-पस्तीस लाखांतला पहिला आणि मोठा वाटा छपराला, मग भिंती आणि वीज-पाण्याला. फर्निचर, दिवे, स्वयंपाकघराची कपाटं शेवटी. ती कपाटं प्लायवूडची नकोत, एका पावसाळ्यात फुगतात. पाचवा हिस्सा बाजूला काढून ठेवा आणि मुलाला सांगू नका. कौलं उतरवल्यावर काय निघेल ते आज कुणालाच दिसत नाही.

वेळेचं गणितही कोल्हापूरचं लावू नका. दिवाळीनंतर सुरू केलंत तर फेब्रुवारी-मार्चमध्ये आंगणेवाडीची जत्रा आणि शिमगा येतो. त्या दिवसांत सुतार-गवंडी मिळणार नाहीत, फोनही उचलणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. तौक्ते मेच्या मध्यावर आलं होतं. तेव्हा छप्पर एप्रिलअखेर बंद झालंच पाहिजे. जमणार नसेल तर एक वर्ष थांबा, अर्ध्या छपरानं पावसाळ्यात शिरू नका. माल गगनबावड्यावरून उतरवायचा तर तोही पावसाआधीच. करूळ घाटात दरड कधी येईल सांगता येत नाही.

उरलं माजघर, ज्यासाठी तुम्ही खरं पत्र लिहिलंय असं मला वाटतं.

मुलाच्या चित्रात माजघराची मागची भिंत काढून हॉल केलाय आणि वर फॉल्स सीलिंग आहे, बरोबर? आता डोळ्यांपुढं गणपती आणा. मूर्ती कुठं बसते? माजघरात, त्याच मागच्या भिंतीला टेकून. ती भिंत दरवर्षी रंगवली जाते. मूर्तीवर माटवी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट, कुठं टांगतात? माजघराच्या तुळईला. नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, तेरड्याची फुलं, आंब्याचे टाळे, सगळा भार त्या तुळईच्या कड्यांवर. सासूबाईंनी त्या घरात किती गणपती पाहिले असतील ते तुम्हीच मोजा. त्यांना भिंत नको-हवी असं काही नसावं. माटवी कुठं टांगणार, एवढाच त्यांचा प्रश्न असावा, आणि तो त्यांना चित्रात कुठं दिसला नसेल. आजीला कळत नाही असं नाही, चित्र काढणाऱ्याला विचारायचं सुचलं नाही.

मुलाचा मोकळा हॉल स्वयंपाकघर आणि त्याच्या शेजारची खोली यांच्यामधली भिंत उघडून होऊ शकतो, तिथं कुणाचं काही अडत नाही. माजघराला फक्त काचेची कौलं, समुद्राकडचं रुंद दार आणि चुन्याचा हात द्या. फळ्यांचं छत तुळईच्या वरून न्या, म्हणजे तुळई आतून दिसत राहील.

आज जून आहे. दिवाळीला अजून वेळ आहे, तो वाया घालवू नका. या पावसात आठ-दहा दिवस सगळे जाऊन राहा, मुलालाही रजा टाकायला लावा. कुठं गळतं, झड कुठवर येते, ओल किती चढते, ते भिंतीवर पेन्सिलीनं तारखेसह खुणा करून ठेवा. रात्री पागोळ्या गळायला लागल्या की तो चित्रातली गच्ची आपसूक विसरतो की नाही बघा. मग गणपतीत सासूबाईंना माजघरात खुर्ची देऊन बसवा आणि माटवी बांधताना मुलाला शिडीवर चढवा. कड्या किती आहेत, कुठं आहेत, मधलं अंतर किती, हे त्यानंच टेप लावून मोजून कागदावर लिहावं. तो कागद सुताराला द्यायचा. आणि जुन्या कड्या गंजल्या असतील तर नव्या पितळेच्या करून घ्या.